शिक्षण-मार्गदर्शन सत्रात कम्युनिटी कॉलेजला जागा द्यावी का?

प्रेषक: निमंत्रक, शिक्षण समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरमधील शिक्षण-मार्गदर्शन सत्रात यंदा कम्युनिटी कॉलेज (पदवीची पहिली दोन वर्षे कमी फीत शिकवणारे सार्वजनिक महाविद्यालय) या विषयावर अर्ध्या तासाचे भाषण ठेवावे, अशी सूचना समितीकडे आली आहे. आजवर या सत्रात एसएटी ही प्रवेशपरीक्षा, प्रवेशासाठीचे निबंध आणि नामांकित विद्यापीठे यांपलीकडे आपण फारसे गेलेलो नाही. आपल्या न्यू जर्सी राज्यात अशी १८ काउंटी (म्हणजे जिल्हा) कॉलेजे आहेत आणि हायस्कूलमध्ये पहिल्या १५ टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘एनजे स्टार्स’ योजनेतून स्वतःच्या काउंटीच्या कॉलेजची ट्युशन फी माफ होऊ शकते. तरीही मंडळाच्या व्यासपीठावर त्यांचा उल्लेख झाल्याचे आठवत नाही. सभासदांनी आपली मते या यादीवरच कळवावीत, म्हणजे समितीला निर्णय घेणे सोपे जाईल.

---

प्रेषक: एक पालक, मिडलसेक्स काउंटी

निमंत्रकांस सविनय नमस्कार.

सूचनेमागचा हेतू चांगला आहे, परंतु केवळ फी कमी आहे म्हणून एखादा मार्ग पालकांपुढे ठेवणे मला धोक्याचे वाटते. कम्युनिटी कॉलेजात दाखल होणाऱ्या बहुतेकांच्या मनात चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होतात आणि सहा वर्षांत बॅचलर पदवी हाती पडते ती सहांपैकी जेमतेम एकाच्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ साली दिलेल्या अहवालात, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाताना विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांसाठी पदवीकडे धरले जाणारे गुणांक) वाया जातात, असा अंदाज मांडला होता. माझ्या पुतण्याला हा अनुभव प्रत्यक्ष आला. दोन वर्षे मन लावून अभ्यास करूनही त्याचे कित्येक विषय पुढच्या विद्यापीठाने केवळ ‘ऐच्छिक’ म्हणून धरले आणि मुख्य विषयाची पायाभरणी त्याला पुन्हा करावी लागली. वाचलेले पैसे त्या वाढीव वर्षात गेले. या गोष्टी न सांगता भाषण होणार असेल, तर ते न झालेलेच बरे.

---

प्रेषक: एक सभासद, निवृत्त प्राध्यापिका

दोघांनाही नमस्कार.

मी अशाच एका कॉलेजात गणित शिकवत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वर दिलेले आकडे बरोबर आहेत आणि ते भाषणात यायलाच हवेत. मात्र त्यांतून कॉलेजची गुणवत्ता कितपत मोजली जाते, याचा विचार करावा लागेल. ज्या संस्थेचे दार सर्वांना उघडे असते, तिथे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी एकच विषय घेणारा, मूल सांभाळणारी आणि वीस वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडणारा, असे सगळेच येतात. त्यांच्या पदवीदराची तुलना पूर्णवेळ शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या निवडक मुलांच्या दराशी करण्यात अर्थ नाही. शिवाय प्रवेशाच्या वेळच्या चाचणीत कमी पडलेल्यांना वर्षानुवर्षे असे उजळणीचे वर्ग घ्यावे लागत, ज्यांची फी भरावी लागे पण पदवीसाठी एकही क्रेडिट मिळत नसे. बीजगणिताच्या त्या वर्गांत अडकून कॉलेज सोडून गेलेली हुशार माणसे मी पाहिली आहेत. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने ही पद्धत बरीचशी मोडीत काढली, हे मला फार योग्य वाटते.

पुढच्या विद्यापीठाशी जोडलेले असणे हे या संस्थांच्या जन्मापासूनच अपेक्षित होते. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले, त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची कल्पना होती: पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेर, घराजवळ व्हावीत. पुढे १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे, असे सुचवले. व्यवसायशिक्षण आणि प्रौढशिक्षण यांचा भारही हळूहळू त्यांच्यावर आला. मग एकाच इमारतीत, एकाच पुस्तिकेत, पुढे नेणारे आणि पुढे न नेणारे असे दोन्ही प्रकारचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी छापले जाऊ लागले. वर पत्र लिहिणाऱ्या पालकांच्या पुतण्याची अडचण बहुधा इथेच उभी राहिली असावी.

न्यू जर्सीत यावर २००७ चा कायदा आहे. काउंटी कॉलेजातून एए किंवा एएस (कला किंवा विज्ञान शाखेची दोन वर्षांची ‘असोसिएट’) पदवी पूर्ण करणाऱ्याची क्रेडिट्स राज्यातील सार्वजनिक चार वर्षांच्या विद्यापीठांनी पूर्णपणे मान्य करावीत आणि त्याला तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर घ्यावे, अशी ती व्यवस्था आहे. पण तिच्या मर्यादा पालकांनी नीट पाहिल्या पाहिजेत. एएएस (उपयोजित विज्ञानाची असोसिएट) ही पदवी नोकरीसाठी आखलेली असून तिला हे संरक्षण नाही, जरी नावात फरक एका अक्षराचाच असला तरी. पदवी अर्धवट सोडून गेल्यास विषय एकेक करून तपासले जातात. खासगी आणि परराज्यातील विद्यापीठे या करारात बांधलेली नाहीत. आणि हमी आहे ती क्रेडिट्सची. एखाद्या विशिष्ट विद्यापीठात किंवा मागणी असलेल्या विभागात प्रवेश मिळेलच, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने तर कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचा क्रम पहिल्याच सेमिस्टरला धरला नाही, तर सगळी क्रेडिट्स मान्य होऊनही तो एक वर्ष मागेच राहतो.

म्हणूनच आपल्याकडे सर्रास दिला जाणारा एक सल्ला मला अर्धाच पटतो: मुलाचे काय शिकायचे ते ठरत नसेल तर त्याला कम्युनिटी कॉलेजात घाला. खर्चाच्या दृष्टीने ते ठीक आहे, पण दिशा न ठरवता गोळा केलेली क्रेडिट्सच पुढे सर्वाधिक वाया जातात. ज्याला कुठे जायचे ते माहीत आहे आणि ज्याने त्या विद्यापीठाची तिसऱ्या वर्षासाठीची विषयांची यादी प्रवेशाआधीच मिळवली आहे, त्याला हा मार्ग उत्तम मानवतो. ज्याचे ठरलेले नाही त्याने निदान पहिल्या वर्षी प्रत्येक शाखेला चालतील असेच लेखन, गणित आणि विज्ञानाचे विषय घ्यावेत आणि ‘एनजे ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाची समकक्षता तपासावी. पदवीच्या कागदावर शेवटी मोठ्या विद्यापीठाचेच नाव असते, हा युक्तिवाद मात्र भाषणात कोणी करू नये, अशी माझी विनंती आहे. तो ऐकला की कॉलेज ही लपवण्याजोगी गोष्ट आहे, असे मुलांना वाटू लागते.

---

प्रेषक: एक सभासद, एच-४ व्हिसावरील

ताईंच्या पत्राबद्दल आभार. त्यांनी दोन वर्षांनंतर पुढे जाण्याच्या मार्गाचा विचार केला आहे. मी स्वतः विद्यार्थिनी म्हणून दोन गोष्टी जोडू इच्छिते.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरीची मुभा सहसा नसली तरी शिक्षण घेता येते, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. मंडळातील अनेक भगिनींना याची कल्पना नाही. मी नर्सिंगची असोसिएट पदवी घेत आहे. ती पूर्ण झाल्यावर द्यावी लागणारी एनसीलेक्स-आरएन ही परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा चार वर्षांची पदवी घेणाऱ्या परिचारिकांचीही तीच असते, त्यामुळे माझ्या बाबतीत ट्रान्सफर झाले किंवा नाही यावर यशापयश ठरवणे योग्य होणार नाही. बॅचलर पदवीचा पूरक अभ्यासक्रम पुढे नोकरी करतानाही करता येतो.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एच-४ वरील मुलांना पेल ग्रँट या शिष्यवृत्तीसारखी केंद्रीय मदत मिळत नाही, आणि एकविसावे वर्ष पूर्ण होताच त्यांचा अवलंबित दर्जा संपतो. माझा मुलगा अठराव्या वर्षी काउंटी कॉलेजात गेला, तर ट्रान्सफर झाल्यानंतर लवकरच त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल, आणि तेव्हा बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे परराज्याची फी आकारतात. ती वाढीव फी उरलेल्या तीस-चाळीस क्रेडिट्सवर पडेल की साठांवर, हे त्याच्या वाढदिवसावर आणि आम्ही आता आखलेल्या क्रमावर अवलंबून आहे. हायस्कूलमध्ये असतानाच काउंटी कॉलेजचे विषय घेण्याची ड्युअल एनरोलमेंटची सोय वापरून काही क्रेडिट्स आधीच मिळवावीत, असा आमचा विचार आहे. सत्राला वक्ता बोलावताना त्याला ट्रान्सफरबरोबरच व्हिसाच्या या बाजूचीही माहिती आहे ना, एवढे समितीने आधी विचारून घ्यावे.