भरकटला कुठे? बेअरिंग-गूल्डचंच उदाहरण घ्या

'गॉथिक (म्हणजे भय-गूढ साहित्य) आणि अद्भुताचा अभ्यासक लोकसंगीताकडे वळला म्हणजे मूळ विषयातून भरकटला', असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. सॅबाइन बेअरिंग-गूल्ड (१८३४-१९२४) यांचंच बघा ना. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ल्यू ट्रेंचर्ड गावचे पाद्री, वर तिथलेच जमीनदार. १८६५ साली त्यांनी लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच फ्रान्समधल्या एका खेड्यात होते: अंधार पडल्यावर यांच्यासोबत माळ ओलांडायला कोणीच तयार होईना, कारण तिकडे तो लांडगा फिरतो म्हणे! पुढे अशा माणसाच्या खुणा येतात. जुळलेल्या भुवया, रुंद हात, आखूड बोटं, तळहातावर केस. आता ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी काढून काउंट ड्रॅक्युलाचं पहिलं वर्णन वाचा. तळहातावरच्या केसांसकट ऐवज हजर. स्टोकरच्या टिपणांत या पुस्तकाची नोंद आहेच.

म्हणजे खेडूत काय सांगतात ते कान देऊन ऐकायचं, ही खोड जुनीच. १८८८ पासून तेच कान डेव्हन-कॉर्नवॉलमधल्या म्हाताऱ्या मजुरांच्या गाण्यांकडे लागले, इतकंच. चाली उतरवायला संगीताचे जाणकार सोबत घेतले. छापताना मात्र पाद्रीबुवांनी चावट कडवी गाळली, काही ठिकाणी चक्क स्वतःचे शब्द घातले. त्याबद्दल त्यांना बोल लावतात, आणि तो रास्तच आहे. पण गायकांकडून घेतलेल्या शब्दांची हस्तलिखितं त्यांनी जपली, प्लिमथच्या ग्रंथालयाला दिली. म्हणून तर ही काटछाट पकडता येते.