पाइप सारखा विझतो, जीभ सोलवटते. तंबाखू बदलू की पाइप?

तापीकाठ (धागाकर्ता)
सिगारेट सोडून पाइपवर आलोय. तीन अडचणी आहेत. दर दोन मिनिटांनी विझतो. जिभेचं टोक भाजल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी शेवभाजी दूरच, साधं वरणही झोंबतं. आणि अर्ध्यावर आला की गुडगुड होऊन कडू पाणी तोंडात येतं. तंबाखू बदलू की पाइप? रात्री ओट्यावर बसून ओढला की डोकं शांत होतं, त्यामुळे सोडायचं लेक्चर नको. धूर छातीत जात नाही म्हणून सिगारेटपेक्षा बराच ना हा? आज तंबाखू मागवायचीय, लवकर सांगा.

भुसावळ_लोको
पाइप कशाचा? तंबाखू साधी की सुगंधी? दिवसाला किती बाउल, म्हणजे किती वेळा पाइप भरता? यातलं काहीच लिहिलं नाही.

अहिराणी_बोला
भाऊ, आधी हाई सांग, धूर तोंडमाच ठेवस का छातीमा लेस?

तापीकाठ
लाकडी आहे, एकच. तंबाखू व्हॅनिलाच्या वासाची. या उन्हाळ्यात पुडीत पार भुगा झाला, म्हणून बटाट्याची फोड टाकून ठेवली. धूर थोडा आत जातोच, त्यात काय विशेष.

भुसावळ_लोको
मग तिन्ही अडचणींचं कारण एकच, ओल. बटाटा आधी काढा, त्याने बुरशी येते. पांढरे धागे किंवा कुबट वास असेल तर पुडी फेका. सुकलेली तंबाखू ताटलीत पसरून वर ओलसर फडकं तासभर धरायचं, फडकं तंबाखूला टेकवायचं नाही. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर ओली, चुरा झाला तर कोरडी, हळूहळू उलगडली तर बरोबर. मग काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा. सुगंधी तंबाखूत साखर आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ती वरून कोरडी वाटली तरी आत ओल धरून असते. त्यावर बटाटा म्हणजे कहरच.

भरताना तळ सैल, वर जरा घट्ट. न पेटवता ओढून बघा, शहाळ्यातल्या नळीइतकाच जोर लागला पाहिजे. पहिल्या काडीने पृष्ठभाग सगळीकडून काळा करायचा, तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची आणि मग दुसरी काडी. विझला की लोक जोरात ओढतात, त्याने वाफ तापते आणि जीभ पोळते. विझू द्या, पुन्हा पेटवा. गुडगुडीला दांडीतून पाइप क्लीनर (मऊ धागे गुंडाळलेली तार) फिरवा. ते पाणी गिळू नका, त्यात निकोटिन असतं, मळमळतं.

किती बाउल ते अजून सांगितलं नाही. एकच पाइप असेल तर दोन वापरांत २४ तास तरी हवेत, लाकूड सुकत नाही.

तापीकाठ
पाच. सिगारेट दहा होत्या, म्हणजे निम्म्यावर आलो.

चोपडा_नाका
निम्म्यावर कसले? सिगारेटमध्ये साधारण ०.७ ग्रॅम तंबाखू, दहाची ७ ग्रॅम. एका बाउलमध्ये २ ग्रॅम धरा, पाचाचे १०. तंबाखू वाढली की भाऊ.

आणि छातीत न घेताही निकोटिन मिळतंच. मळलेल्या तंबाखूला चुना का लावतात? अल्कधर्मी झाली की निकोटिन गालातूनच शोषलं जातं. पाइपचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी, म्हणून तोंडात धरला तरी किक बसते. तुम्ही वर तो आतही घेताय, म्हणजे दोन्हीकडून.

जुना_कडबा
उगाच घाबरवू नका. १९६४ च्या अमेरिकन सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या) अहवालातच आहे, पाइप ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता.

चोपडा_नाका
अहवाल अर्धा वाचू नये. ओठाच्या कॅन्सरसाठी त्याच अहवालाने पाइपला जबाबदार धरलंय. आणि तेव्हाचे बहुतेक पाइपवाले धूर आत घेत नव्हते. सिगारेटवरून आलेल्याची फुप्फुसात ओढायची सवय सुटत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, सगळ्यांच्या कॅन्सरशी पाइपचा संबंध सिद्ध झालाय.

जुना_कडबा
आणि मनःशांतीचं काय? ती मोजत नाही कुणी.

चोपडा_नाका
मोजू. निकोटिनने नाडी आणि बीपी वाढतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, मग चिडचिड, आणि पुढचा बाउल ती चिडचिड मिटवतो. त्यालाच आपण शांती म्हणतो. खरा आराम पाऊण तास ओट्यावर बसून सावकाश श्वास घेण्यात आहे, तो रिकामी दांडी दातात धरूनही मिळतो.

जुना_कडबा
रिकामी दांडी! आंब्याऐवजी कोय चोखा म्हणा.

रावेर_केळी
अवांतर: लाकडी नको, मक्याचा पाइप घ्या. अमेरिकेत मिसुरीच्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनतात. पण शेतातलं कणीस कोरून बनवू नका, ते भुसभुशीत असतं, लगेच जळतं. तिथे जाड कणसाचा खास मका लावतात आणि कणसं दोनेक वर्षं सुकवतात.

कपाशी_धुळे
घरात कापूस भरलेला असेल तर पाइप ओट्यावर झटकू नका. राखेखाली निखारा राहतो. पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात झटका.

दाढदुखी
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. धागाकर्ते, टॉर्च लावून टाळू बघा. पांढरट पडलीय का, त्यात बारीक लाल ठिपके आहेत का? गरम धुराने टाळूवरच्या लाळग्रंथींची तोंडं सुजतात, पाइपवाल्यांत हे हमखास दिसतं. ओढणं थांबवलं की बहुधा काही आठवड्यांत जातं. पण जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली पुसून न निघणारा पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तर गुळण्या करत बसू नका, थेट दाखवा. सुपारी, गुटखा चालू आहे का? सुपारीने तोंड उघडणं कमी होतं, म्हणून तीन बोटं उभी तोंडात मावतात का तेही बघा.

तलफेवर निकोटिनचं च्युइंगम घेणार असाल तर उठल्यापासून अर्ध्या तासात तलफ येणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. झिणझिण्या आल्या की चावणं थांबवून गालात दाबून ठेवायचं. चहानंतर १५ मिनिटं नाही, तोंड आम्लधर्मी झालं की निकोटिन शोषलं जात नाही, वर सांगितलेल्या चुन्याच्या उलट. सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६.

तापीकाठ
सोडायचं विचारलं नव्हतं हो. बरं, टॉर्च लावून बघितलं. पांढरट आहे, ठिपकेही आहेत, सात-आठ. मला वाटलं भाजलं असेल. तीन बोटं मावतात. सुपारी जेवणानंतर, रोजचीच, ती काय सांगायची. ऑर्डर थांबवलीय, दाखवतो डॉक्टरला.

दाढदुखी
सुपारी रोजचीच? हे पहिल्या ओळीत हवं होतं. डॉक्टरला आधी तेच सांगा.

भुसावळ_लोको
बटाटा काढला का?