जुनी मासेमारी नौका घेताना इंजिन आणि शौचालय कसे पारखावे?

हर्णैकर (प्रश्न)
भावाच्या भागीदारीत ट्रॉलिंगची जुनी लाकडी नौका घेण्याचा विचार आहे. 1 जूनपासूनच्या पावसाळी मासेमारीबंदीमुळे पाहिलेल्या दोन्ही नौका सध्या आंजर्ले खाडीच्या काठी ओढून, वर आच्छादन घालून शाकारलेल्या आहेत. पहिली 48 फुटांची असून तिला सहा सिलिंडरचे जुने इंजिन आहे, पण शौचालय नाही. दुसरी 45 फुटांची, बाहेरून फायबरचा थर दिलेली आणि केबिनमागे शौचालयाची खोली असलेली आहे. तिचे इंजिन दोन वर्षांपूर्वी खोलून बांधले असून ते "नवीनच समजा" असे मालक सांगतात. दुसरीची किंमत दीड लाखाने अधिक आहे. आम्ही सात जण चार-चार दिवस समुद्रात राहणार आहोत. शौचालयासाठी एवढे पैसे मोजावेत का आणि इंजिनाची परीक्षा कशी करावी?

जुना मिस्त्री
"नवीनच समजा" म्हणणाऱ्या मालकाच्या बोलण्यात समजून घ्यायचे बरेच असते. इंजिन बदलता येते, तळ कुजला तर नौकाच गेली, म्हणून आधी तळ पाहावा. फायबरचा थर उत्तम, परंतु तो ओल्या किंवा कुजक्या फळीवर चढवला असेल, तर पाणी आतच कोंडते आणि बाहेरून काही दिसत नाही. लहान हातोडीने नाळेपासून (नौकेच्या पुढच्या टोकापासून) मागेपर्यंत ठोकत जा. जिथे ठणठणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येईल, तिथे आतल्या बाजूने टोच्या खुपसून पाहा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधी ते तापवून ठेवले असेल, तर कारण विचारा. समुद्राचे पाणी ओढून थंड होणारे इंजिन जमिनीवर चालवताना पिंपातून पाणी द्यावे लागते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. ऑइल दुधाळ दिसले, तर पुढे बोलणीच करू नका. शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) हाताने हलवून बेअरिंगमधील ढिलाई पाहा. मात्र काळा धूर आणि खरी ताकद लोडवरच, म्हणजे इंजिन पाण्यात नौका ओढत असतानाच, कळते, म्हणून आता फक्त थोडा इसार द्या आणि उरलेली रक्कम पाण्यातील चाचणीनंतर, असे लिहून घ्या.

तांडेल (नौकेचा प्रमुख)
शौचालयाला चैन समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. रात्री मागच्या कठड्याला धरून बसलेला माणूस पाय घसरून पडला, तर इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कोणालाही ऐकू येत नाही. मात्र शौचालय म्हणजे तळाला पाडलेली आणखी दोन भोके, एक पाणी आत घ्यायला आणि एक बाहेर सोडायला, हेही विसरू नये. दोन्ही ठिकाणी बंद-उघड करता येणारा कांस्याचा व्हॉल्व्ह हवा. अनेकदा पैसे वाचवण्यासाठी घरगुती पितळी नळ बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त झिजते, रंग तांबूस होतो आणि एके दिवशी तो हातातच मोडतो. भांडे पाण्याच्या पातळीखाली असेल, तर नळी आधी वर नेऊन, माथ्यावर हवा घेणारी झडप बसवून मग खाली आणलेली असावी. नाहीतर पंप बंद असतानाही पाणी आपोआप आत ओढले जाते आणि धक्क्याला बांधलेली नौका रात्रीत भरते. प्रत्येक नळीला दोन क्लिपा हव्यात. खाडीत किंवा बंदरात मात्र ते वापरू नये, तिथे आपलीच मुले पोहतात.

मच्छीमार संस्थेचा सभासद
कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. नोंदणीतील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांकाशी जुळवा. इंजिन बदलून नोंद तशीच राहिलेली असेल, तर डिझेलवरील सरकारी परताव्याच्या वेळी तुम्हालाच हेलपाटे घालावे लागतील. परवाना ट्रॉलिंगचाच आहे ना आणि संस्थेची किंवा बँकेची थकबाकी नाही ना, हेही लेखी घ्या.

हर्णैकर
सर्वांचे आभार. काल दुसरी नौका पुन्हा पाहिली. तळ सर्वत्र ठणठणीत वाजला, फक्त शाफ्टजवळ हातभर जागेत आवाज बद्द आला. शौचालयाचा नळ पितळीच निघाला. नखाने खरवडल्यावर आत तांबूस रंग दिसला आणि नळी सरळ भांड्याला जोडलेली होती. मालकाने व्हॉल्व्ह, नळ्या आणि शाफ्टजवळच्या फळ्या स्वखर्चाने बदलण्याचे कबूल केले आहे. आम्ही वीस हजार इसार दिला असून नारळी पौर्णिमेनंतर नौका पाण्यात उतरवून इंजिनाची चाचणी घेणार आहोत.