मारंगूच्या पाटावर दारं धरलं तेव्हा

सुट्टीला सोबतच्या स्वयंसेवकांबरोबरच फिरणं म्हणजे परक्या देशात आपलाच कंपू करून बसणं, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. कुठं जाता, कसं जाता यावर आहे की ते! मी खानापूर तालुक्यातला. टांझानियात मोशीला शिकवत होतो, तेव्हा आम्ही पाच स्वयंसेवक जीप न ठरवता डालाडालानं, म्हणजे तिथल्या वडापनं, शेअर मिनीबसनं, किलिमांजारो डोंगराच्या उतारावरच्या मारंगूला गेलो. पहाटेच निघालो, कारण नंतर ५८९५ मीटरचा किलिमांजारो ढगात जातो.

पण मनात राहिला तो तिथला पाट. चाग्गा लोक केळीच्या सावलीत कॉफी लावतात आणि डोंगरातल्या ओढ्याचं पाणी मातीच्या पाटानं बागेत आणतात. त्याला म्फोंगो म्हणतात. एका आज्जीनं खोऱ्यानं चिखलाचा बांध फोडला, पाणी बुंध्याशी वळलं, मग केळीचं सोपट लावून तिनं तोंड बुजवलं. आमचे बाबा उसात अगदी असंच दारं धरायचे. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत तिला हे सांगितलं, तर तिनं खोरंच माझ्या हातात दिलं. बाकीचे चौघेही चिखलात उतरले. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा तिच्याकडेच गेलो.