घोरपड: ढोलीतली, धुऱ्यातली, विहिरीतली

नागपूरच्या आसपास घोरपड दिसली की आधी काठ्या निघतात. तिच्याशी रोजचा संबंध येणाऱ्यांनी नेमकं काय बघायचं, काय करायचं, तेवढं सांगा.

पक्षीनिरीक्षक, सेमिनरी हिल्स
पिवळ्या ठिपक्यांची पिल्लं बरीचशी झाडावरच असतात. मोठी घोरपड शेपटीसकट पाच फुटांच्या वर जाते आणि बहुतेक जमिनीवर हिंडते. पण कुत्रं मागे लागलं की सरसर चढते आणि खारीसारखी खोडाच्या पलीकडच्या अंगाला चिकटते. आपण खोडाभोवती फिरलो की तीही फिरते! सकाळी ऊन चढताना ढोलीच्या तोंडाशी नुसतं डोकं दिसतं. नीट बघा: नाकपुडी पालीसारखी टोकाला नसते, डोळा आणि तोंडाचं टोक यांच्या मधोमध तिरपी फट असते. त्यामुळे उकरताना नाकपुडीत माती भरत नाही.

शेतकरी, काटोल रस्ता
वारूळ फोडू नका. पावसाळ्यात मादी वारुळात किंवा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, मातीत वीसएक अंडी घालून खड्डा बुजवते. पिल्लं निघायला सहा ते आठ महिने लागतात. दिवाळीनंतर जेसीबी लावून धुरा सपाट केला तर अख्खी वीण जाते. घोरपड वावरातले भुंगेरे, अळ्या, उंदीर खाते. तिला ठेवण्यातच आपलं भलं.

सर्पमित्र, गोधनी
शेपटी धरून ओढायची नाही. तुटली तर पालीसारखी ती पुन्हा उगवत नाही, आणि नखं रुतली की घोरपड सुटतही नाही. कुंपणाच्या जाळीत अडकली तर डोक्यावर ओलं पोतं टाका. अंधार झाला की ती शांत होते. मग जाळी अंगापासून दूर कापत जा. ओढली तर दोरा काखेत रुततो. सिमेंटच्या विहिरीत पडली तर पोतं गुंडाळलेला बांबू तिरपा सोडून बाजूला व्हा, ती आपली आपण चढते. चावली तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तिच्या श्वासाने माणूस मरतो ही निव्वळ भीती आहे.

वनविभागातून निवृत्त
‘हत्ताजोडी’ नावाचं शुभ मूळ म्हणून विकतात, ते झाडाचं मूळ नाहीच. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे, आणि त्यासाठी घोरपडी मारल्या जातात. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे: किमान तीन वर्षं कैद, किमान 25,000 रुपये दंड. तिचं मांस, तेल, कातडी घेणाराही त्यात येतो. कुठे विक्री दिसली तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा आणि जागा, वेळ नेमकी सांगा.