हाडवैराचा सामना कोणाच्या मैदानावर व्हावा? अमेरिकी विद्यापीठीय फुटबॉल आणि तटस्थ स्टेडियमचा वाद

चर्चाप्रस्ताव : माळरान

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा वार्षिक सामना त्यांच्या आवारांतील स्टेडियमांत आळीपाळीने व्हावा, की दोघांपैकी कोणाचेही नसलेल्या शहरात व्हावा, हा वाद जुना आहे. माझ्या मते तो आवारातच व्हावा, आणि त्याचे सर्वांत सबळ कारण अलाबामा राज्याच्या इतिहासात आहे.

अलाबामा आणि ऑबर्न ही एकाच राज्यातील दोन सरकारी विद्यापीठे. त्यांचा पहिला सामना १८९३ मध्ये झाला. १९०७ नंतर खेळाडूंचा दैनिक भत्ता किती असावा आणि पंच कुठून आणावेत, एवढ्यावरून तो बंद पडला, तो थेट १९४८ मध्ये त्याच राज्यातील बर्मिंगहॅम शहराच्या लीजन फील्ड स्टेडियमवर पुन्हा सुरू झाला आणि पुढे १९८८ पर्यंत दरवर्षी तिथेच खेळला गेला. तिकिटे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी देण्याची प्रथा बरीच वर्षे होती, त्यामुळे मैदान तटस्थ आहे असे सगळे म्हणत. प्रत्यक्षात अलाबामा विद्यापीठाच्या टस्कलूसा गावाहून बर्मिंगहॅम जितके दूर आहे, त्याच्या जवळपास दुप्पट अंतर ऑबर्नच्या पाठीराख्यांना कापावे लागे. शिवाय अलाबामाचा संघ आपले इतर अनेक घरचे सामनेही याच मैदानावर खेळत असे. ज्या मैदानाचा कोपरान् कोपरा एका संघाच्या ओळखीचा आहे, ते केवळ तिकिटांच्या वाटणीने तटस्थ होत नाही.

ऑबर्नचे प्रशिक्षक पॅट डाय यांनी हा मुद्दा लावून धरला, आणि २ डिसेंबर १९८९ रोजी अलाबामाचा संघ प्रथमच ऑबर्नच्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये उतरला. त्या हंगामात तोवर अलाबामा अजिंक्य होता. खेळाडू ज्या रस्त्याने चालत स्टेडियमकडे जातात, त्याच्या दुतर्फा त्या दिवशी जमलेली गर्दी हा आजही ऑबर्नकरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. ऑबर्न ३०-२० असे जिंकले. त्या मैदानावर अलाबामाला पहिला विजय मिळायला १९९९ उजाडले. २००० पासून तर अलाबामानेही आपल्या पाळीचा सामना टस्कलूसाला नेला. ज्यांना लीजन फील्ड सोयीचे होते, त्यांनाही अखेर आपले आवारच हवेसे वाटले.

प्रतिसाद : तांबडी माती

एका सदोष तटस्थ मैदानावरून तटस्थतेचे तत्त्वच मोडीत काढणे मला पटत नाही. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांचा सामना १९२९ पासून दरवर्षी डॅलसमध्ये होतो. ऑस्टिन आणि नॉर्मन या दोन्ही विद्यापीठगावांहून डॅलस जवळजवळ सारख्याच अंतरावर आहे. सामना टेक्ससच्या राज्य जत्रेच्या दिवसांत, जत्रेच्याच आवारातील कॉटन बोल स्टेडियममध्ये भरतो आणि मैदानाच्या मध्यरेषेपाशी प्रेक्षागाराची सरळ विभागणी होते : एका अर्ध्यात टेक्ससचा नारिंगी रंग, दुसऱ्या अर्ध्यात ओक्लाहोमाचा किरमिजी. कोणत्याही क्षणी अर्धे स्टेडियम गर्जत असते आणि अर्धे सुन्न झालेले असते. हे दृश्य आवारातील स्टेडियममध्ये कधीच दिसणार नाही, कारण तिथे पाहुण्यांच्या वाट्याला फार तर काही हजार खुर्च्या येतात, आणि त्याही बहुधा वरच्या एखाद्या कोपऱ्यात.

पाठीराख्यांच्या निष्ठेचा विचार करायचा, तर ती फक्त यजमानांचीच का धरावी? संपूर्ण हंगामाचे तिकीट मिळवण्यासाठी आधी क्रीडा विभागाला देणगी द्यावी लागते, अशी पद्धत बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आहे. आवारातील सामना म्हणजे बव्हंशी यजमान देणगीदारांचा सामना होतो.

प्रतिसाद : जमाखर्च

आवारातील स्टेडियमचा खर्चही या चर्चेत यायला हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातील मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅलिफोर्नियाच्या जवानांच्या स्मरणार्थ उभे राहिले, परंतु ते नेमके हेवर्ड भूभ्रंशावर बांधले गेले. ते भूकंपात तग धरावे म्हणून केलेल्या नूतनीकरणाला ३२ कोटी डॉलरहून अधिक खर्च आला, २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले, आणि कर्जाचा काही भार अखेर विद्यापीठाच्या मुख्य तिजोरीला उचलावा लागला. हंगामात घरचे सामने असतात सहा-सात. एवढ्यासाठी केलेला हा खर्च शिक्षणसंस्थेला शोभत नाही, असे माझे ठाम मत आहे.

माळरान

जमाखर्च, बर्कलीची चूक जागा निवडण्याची होती. शिवाय तटस्थ मैदानावर वर्षाकाठी एक सामना खेळल्याने आवारातील स्टेडियमचा एक रुपयाही वाचत नाही, कारण उरलेले सामने तिथेच होतात.

तांबडी माती यांनी डॅलसचे केलेले वर्णन मला मान्य आहे, पण डॅलस हा अपवाद आहे. जॉर्जिया आणि फ्लॉरिडा या विद्यापीठांचा सामना वर्षानुवर्षे जॅक्सनव्हिल या तटस्थ शहरात होत आला आहे. तेथील स्टेडियमची १९९४ आणि १९९५ मध्ये पुनर्बांधणी चालू होती, तेव्हा तो एकदा फ्लॉरिडाच्या आणि एकदा जॉर्जियाच्या आवारात झाला. आता त्याच शहरातील व्यावसायिक संघासाठी पुन्हा बांधकाम होणार, तेव्हा २०२६ साठी अटलांटा आणि २०२७ साठी टँपा अशी व्यावसायिक संघांचीच मैदाने निवडण्यात आली. दोन्ही विद्यापीठांची स्वतःची भव्य स्टेडियमे उभी असताना त्यांच्या सामन्याची जागा एका व्यावसायिक संघाच्या बांधकामाच्या वेळापत्रकावरून ठरावी, हे पाठीराख्यांवर अन्याय करणारे आहे.

तांबडी माती

जॅक्सनव्हिलचा मुद्दा बिनतोड आहे. व्यावसायिक संघाच्या मैदानाची बाजू मी घेणार नाही. मात्र आवाराशी बांधलेल्या निष्ठेची दुसरी बाजूही आपण पाहावी. ऑबर्नचे पाठीराखे विजयानंतर गावातील टूमर्स कॉर्नर या चौकातल्या ज्या ओकवृक्षांवर कागदाच्या पट्ट्या उधळत, त्या झाडांवर २०१० च्या सामन्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने विषारी तणनाशक टाकले आणि २०१३ मध्ये ती तोडावी लागली.

माळरान

त्या कृत्याचा निषेध सर्वांत आधी अलाबामाच्याच असंख्य चाहत्यांनी केला, आणि झाडे वाचवण्यासाठी त्यांनी स्वतंत्र निधीही उभारला. प्रतिस्पर्ध्याच्या गावातील झाडाचे मोल त्यांना कळले, कारण एक वर्षाआड ते त्या गावात जात होते.

तांबडी माती

मग त्यांना तिथे जाता येईल एवढी तिकिटे तरी मिळावीत. पाहुण्यांसाठी एक चतुर्थांश खुर्च्या राखून ठेवण्याचा नियम झाला, तर डॅलस वगळता इतर सर्व ठिकाणी मी तुमच्या बाजूने मत देईन.