गाडीच्या विम्याचा हप्ता कोण, कसा ठरवतं? तुमचे अनुभव लिहा

अनघा_जी: विमा संपत आल्याचा मेसेज आला आणि बाबांची फियाट आठवली. एजंट काका घरी यायचे, चहा व्हायचा, पावती फाडली की वर्षभर विषय संपला. तेव्हा दर सगळीकडे सारखेच. २००७ पासून ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. आता आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी खाली, एकही क्लेम नाही, तरी यंदा हप्ता वाढलाय. कारण विचारलं तर "मॅडम, सिस्टीमनेच काढलंय." चीड येते.

सातपूरकर: थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा दर कंपनीच्या हातात नाही, सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसी इंजिनच्या कारला ३४१६ रुपये. कोटेशनमध्ये तो आकडा वेगळा दाखवलेला असतो. उरलेलं बघा, गोम तिथेच.

भाऊ_आडगाव: कारवाल्यांचं बरंय. आमचा ट्रक १६ टनी, नुसतं थर्ड पार्टी ३५३१३, वर जीएसटी. गाडी रोज कसारा घाट उतरो नाहीतर कांदा संपल्यावर महिनाभर नाक्यावर उभी राहो, रक्कम तीच. ड्रायव्हर किती जपून चालवतो याला काडीची किंमत नाही.

मीनल: भाऊ 🙏 खरंय.
माझा बंपर फुटला. गॅरेजवाला म्हणाला क्लेम टाका. प्लॅस्टिक म्हणून निम्मेच मिळाले आणि ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, गेला तो वेगळाच!

दिंडोरीचा_शेतकरी: फवारणीचा ड्रोन घेतलाय. २०२१ च्या नियमांनी अगदी छोटे नॅनो ड्रोन सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी सक्तीचा. तीन ठिकाणी विचारलं, तीन दर. शेताच्या बांधाबाहेर न जाणाऱ्या यंत्राला एवढा पैसा कशापायी, कोणी सांगेना.

मीनल: दादा, द्राक्षाला चालतो का ड्रोन? माहेरी घ्यायचं म्हणताहेत.

दिंडोरीचा_शेतकरी: ताई, बागेला ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअरच बरा. घडापर्यंत औषध नीट पोचत नाही. मका-सोयाबीनला झकास.

सातपूरकर: मीनलताई, बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. पुढे परत जमला की गाडी विकताना सोडून देऊ नका, नव्या गाडीला लावून घ्या. आणि पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर तोही जातो.

अनघा_जी: सातपूरकर, सापडलं! इंजिन प्रोटेक्ट, इंजिनचं जादा कव्हर. मी मागितलंच नव्हतं, परस्पर घातलंय. विचारायची पद्धत नाही का?

पंचवटी_७: थांबा, लगेच काढून टाकू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या गल्लीतही पाणी होतं. शेजाऱ्यांनी पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल मारला, इंजिन गेलं. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, सगळा खर्च खिशातून. तुमची गाडी कुठे लागते?

अनघा_जी: गंगापूर रोड. सोसायटी उंचावर आहे, पार्किंग पहिल्या मजल्यावर.

पंचवटी_७: मग काढून टाका. आणि नवं कोटेशन घेताना आयडीव्ही तेवढीच आहे ना ते बघा. ती कमी करून हप्ता स्वस्त दाखवतात.

भाऊ_आडगाव: ट्रकवाल्यांनी काय काढायचं तेही सांगा कोणीतरी.